मिठाचे गाव आणि जांभळे माळरान : ठाण्याहून ल्यूनेबुर्गच्या सुट्टीची आखणी

उत्तर जर्मनीतील ल्यूनेबुर्ग हे जुने शहर हॅम्बुर्गच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरवर, इल्मेनाउ नदीच्या काठी वसलेले आहे. तिथे जायचे मनात आले की सर्वप्रथम भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवावी आणि ऑगस्टचे पान उघडावे. शहराच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला पसरलेल्या विस्तीर्ण माळरानाला, ज्याला तिथे ल्यूनेबुर्गर हायडे म्हणतात, वर्षातून एकदाच जांभळा बहर येतो आणि त्याचा तिथला तोंडी हिशेब सोपा आहे : आठव्या महिन्याच्या आठ तारखेपासून नवव्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत. ऊनपावसाप्रमाणे त्यात थोडे मागे-पुढे होते, परंतु ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सहसा दगा देत नाही. साताऱ्याच्या कास पठारावर आठवडाभर लवकर पोहोचून नुसते हिरवे गवत पाहून परत आलेल्यांना या हिशेबाचे मोल वेगळे सांगायला नको.

मराठी घरापुढचा खरा पेच गणपतीचा आहे. घरचा गणपती दुसऱ्याच्या हाती सोपवून परदेशी जाणे बहुतेकांना रुचत नाही, आणि मलाही रुचत नाही. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे ऐन बहरात होती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते, त्यामुळे माळरानाचा पूर्ण बहर पाहून परत आल्यावरही मखराच्या तयारीला दोन आठवडे हाताशी राहतात. २०२७ साली ती ४ सप्टेंबरला आहे, तेव्हा १२ ते २५ ऑगस्ट हा काळ धरावा. मुलांच्या शाळेमुळे केवळ मे महिन्यातच जाता येत असेल तर शहर जरूर पाहावे, परंतु तेव्हा माळरान तपकिरी असते हे घरातल्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

मागे मोजत येणे

तारखा ठरल्या की तिथून उलटे मोजत यावे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातील बहुतेक देशांसाठीच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, परंतु ऑगस्टच्या प्रवासासाठी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये अर्ज दाखल करणे शहाणपणाचे आहे, कारण एप्रिल-मेमध्ये सगळी मुंबई युरोपला निघते आणि अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळता मिळत नाही. त्याआधी घरातले सगळे पासपोर्ट एकत्र काढून तारखा तपासाव्यात. शेंगेन प्रदेशातून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने असावी लागतात. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षांची असते, आणि चूक बहुधा तिथेच होते. नूतनीकरण करायचे असल्यास वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ जानेवारीतच घेऊन ठेवावी.

व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे आणि त्याहून लहान मुलांना ते माफ आहे. प्रवासी वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे आणि रजा मंजुरीचे पत्र यांच्याइतकेच लक्ष दिवसवार आराखड्याकडे द्यावे. आमच्या पहिल्या अर्जात आराखड्यानुसार एक रात्र माळरानावरच्या खेड्यात होती आणि हॉटेलच्या आरक्षणानुसार तीच रात्र शहरात होती. चूक सर्वस्वी आमची होती, परंतु ती दुरुस्त करण्यात पुन्हा एक भेट आणि अर्धा दिवस गेला. म्हणून आराखडा, आरक्षणे आणि विमानाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी एकदा वाचायला द्याव्यात. हॉटेलची आरक्षणे विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

जाण्याचा मार्ग फारसा अवघड नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि तिथून हॅनोव्हर किंवा हॅम्बुर्गमार्गे रेल्वेने ल्यूनेबुर्ग गाठता येते. ज्यांना सामानासह लांबचा रेल्वेप्रवास नको असेल त्यांनी दुबईमार्गे हॅम्बुर्गलाच उतरावे. हॅम्बुर्गच्या मुख्य स्थानकावरून प्रादेशिक गाडीने ल्यूनेबुर्ग साधारण अर्ध्या तासावर आहे, म्हणजे ठाण्याहून दादरला जाण्याइतकाच वेळ लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी गाड्यांचे वेळापत्रक पुन्हा पाहावे, कारण रुळांची कामे तिथेही निघतात. मेगाब्लॉकमध्ये वाढलेल्या माणसाला याचे काही वाटू नये. चार-पाच जण एकत्र असतील तर नीडरझाक्सन-तिकीट, म्हणजे त्या राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट, घ्यावे. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालते, आणि त्यावर हॅम्बुर्गलाही जाता येते.

गाव आधी, माळरान नंतर

बहुतेक सहलींत ल्यूनेबुर्गला हॅम्बुर्गहून एका दिवसात उरकतात. ही सहल एका दिवसाची नाही, असे माझे ठाम मत आहे. शहरात किमान तीन रात्री आणि माळरानालगतच्या खेड्यात दोन रात्री राहावे, आणि क्रमही हाच ठेवावा, कारण इथले जुने शहर, त्याची श्रीमंती आणि त्याच्या वाकलेल्या भिंती हे सगळे मिठाने घडवले आहे. ते आधी पाहिले की बाहेरचे माळरानही माणसाच्या हातचे आहे हे सहज लक्षात येते.

ठाण्याच्या माणसाला मीठ नवे नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावरून भांडुप-कांजूरमार्गकडे जाताना खाडीच्या बाजूला मिठागरांची सपाट जमीन आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. उथळ चौकोनी वाफ्यांत खाडीचे पाणी घ्यायचे आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे, ही आपली रीत. ल्यूनेबुर्ग समुद्रापासून दूर आहे आणि तिथे एवढे ऊनही नाही. तिथले मीठ शहराच्या पोटात आहे. जमिनीखालच्या मिठाच्या प्रचंड साठ्यात भूजल विरघळून जे खारे पाणी तयार होते, त्यात सुमारे २६ टक्के मीठ असते. ते वर काढून शिशाच्या उथळ कढयांत जाळावर आटवले जाई. भरभराटीच्या काळात इथे ५४ भट्टीघरे होती आणि प्रत्येकात चार कढया, अशा २१६ कढया धगधगत असत. शहराचा पहिला लेखी उल्लेख इ.स. ९५६ चा आहे आणि तोही मिठाच्या जकातीचाच : राजा ऑटो पहिला याने ती जकात सेंट मिखाएलिस मठाला दिली. पुढे हे मीठ गाड्यांवरून उत्तरेला ल्यूबेक बंदराला जाऊ लागले, १३९८ पासून कालव्याने जाऊ लागले, आणि बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे त्यात खारवले जाऊन दूरदूरच्या बाजारांत पोहोचले. हानझा या व्यापारी संघात ल्यूनेबुर्गचे वजन होते ते या मिठाच्या जोरावर. मिठाचे काम थेट १९८० पर्यंत चालू होते. त्या जुन्या कारखान्याच्या जागेत आता मिठाचे संग्रहालय आहे आणि पहिल्या दिवसाची सकाळ तिथेच घालवावी.

या मिठाचा शोध एका रानडुकरिणीने लावला अशी तिथली दंतकथा आहे. ती खाऱ्या डबक्यात लोळली, उन्हात वाळल्यावर तिचे केस मिठाच्या कणांनी पांढरे झाले आणि ते शिकाऱ्याच्या नजरेस आले. तिचे म्हणून सांगितले जाणारे एक हाड नगरभवनात जपून ठेवलेले आहे. नगरभवन आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरी घ्यावी लागते आणि ती अवश्य घ्यावी. तिथल्या जुन्या न्यायदालनात सभासदांच्या आसनांखाली जमिनीत झाकणे आहेत. हिवाळ्यात खालच्या भट्टीची गरम हवा त्यांतून वर येई. बाहेर मनोऱ्यावर माइसेनच्या चिनीमातीच्या ४१ घंटा आहेत आणि दिवसातून ठरावीक वेळी त्यांवर धून वाजते. घंटांचा तो नाजूक नाद बाजाराच्या दिवशी गर्दीतूनही स्पष्ट ऐकू येतो.

दुपारी नकाशा बाजूला ठेवून शहराच्या पश्चिमेच्या जुन्या वस्तीत चालावे. शतकानुशतके खालचे मीठ काढल्यामुळे हा भाग खचत गेला आहे. सेंट लांबेर्टी नावाचे मिठागर कामगारांचे चर्च याच कारणाने १८६० च्या सुमारास पाडावे लागले. फ्रोमेश्ट्रासे या रस्त्यावर एक जुने लोखंडी फाटक आहे. त्याच्या दोन झडपा कधी काळी समोरासमोर नीट मिटत असणार, आता जमीन सरकल्याने एक झडप दुसरीवर चढलेली आहे. मी त्यापुढे बराच वेळ उभा होतो. जमीन खचते म्हणजे काय, हे कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्या दोन झडपांनी मला अधिक नेमके सांगितले. तिथून जवळच कालकबेर्ग ही ५६ मीटर उंचीची टेकडी आहे. येऊरचा चढ चढणाऱ्याला ती खेळण्यासारखी वाटेल, परंतु वरून लाल कौलांचे सगळे शहर एका नजरेत येते, म्हणून संध्याकाळची वेळ तिच्यासाठी राखावी. ऑगस्टच्या मध्याला तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो.

दुसरा दिवस आम झांडे या मोठ्या चौकापासून सुरू करावा. दोन्ही बाजूंना विटांची जुनी घरे आहेत, त्यांच्या दर्शनी भिंती वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जातात, आणि काहींच्या कडांना दोरखंडाला पीळ घालावा तशा वळणदार विटा लावलेल्या आहेत. त्या हाताने स्पर्शून पाहाव्यात. चौकाच्या टोकाला सेंट योहानिस चर्चचा १०८ मीटर उंचीचा मनोरा आहे आणि त्याचे टोक दोन मीटरांहून अधिक कललेले आहे. सेंट मिखाएलिस चर्चमध्ये आत गेल्यावर खांबही सरळ नाहीत हे दिसते. याच चर्चच्या शाळेत थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७०० साली, पंधरा वर्षांचा असताना, गायक विद्यार्थी म्हणून आला होता. संगीताची आवड असणाऱ्यांनी इथे ऑर्गनवादनाचा कार्यक्रम आहे का हे आधीच पाहून त्या संध्याकाळी दुसरे काही ठेवू नये. नंतर नदीकाठी जुन्या बंदरात जावे. तिथे मिठाच्या पोती-पिंपांची चढउतार करणारी लाकडी यारी उभी आहे. तिचे आजचे रूप १७९७ सालचे आहे.

राहण्यासाठी जुन्या शहरातलेच हॉटेल घ्यावे, स्थानकावरून ते दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असते. मात्र शतकांपूर्वीच्या अशा इमारतींत लिफ्ट नसणे नेहमीचे आहे, म्हणून सोबत आई-वडील असतील तर आरक्षणापूर्वी तेवढे विचारून घ्यावे. रस्ते दगडी फरसबंदीचे असल्याने लहान चाकांच्या बॅगा तिथे फार त्रास देतात.

माळरानावरचे दिवस

माळरानाकडे जाताना एक गोष्ट मनात ठेवावी. ही भूमी निसर्गाने अशीच ठेवलेली नाही. हजारो वर्षांच्या जंगलतोडीने, चराईने आणि गोठ्यात अंथरण्यासाठी मातीसकट झुडपांचे थर खरवडून नेण्याने इथली वाळूमिश्रित जमीन निकस झाली आणि तीत हायडेचे काटक झुडूपच तेवढे तग धरू शकले. मेंढ्या चरायच्या थांबल्या तर काही वर्षांतच बर्च आणि पाइनची रोपे डोके वर काढतात. म्हणूनच आज मेंढपाळ कळप घेऊन फिरतात ते संवर्धनाचा भाग म्हणून. हायडश्नुकं नावाची ही मेंढी करड्या लोकरीची, काळ्या तोंडाची आणि शिंगांची असते, आणि तिची कोकरे जन्मतः काळी असतात. कळप चरायला निघण्याची किंवा परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावी आणि वाटेवर शांतपणे उभे राहून तो समोरून जाऊ द्यावा.

दोन रात्रींसाठी उंडेलो, निडरहाफरबेक किंवा श्नेफरडिंगेन या ठिकाणांपैकी एक निवडावे. गाडी भाड्याने घेतल्यास सोय होते, पण तिची गरज नाही. साधारण १५ जुलै ते १५ ऑक्टोबर या काळात हायडे-शटल नावाच्या बस विनाशुल्क धावतात आणि त्यांना सायकली नेण्यासाठी जोडगाडीही असते. त्यांचे मार्ग व वेळा पाहूनच मुक्कामाचे खेडे ठरवावे, कारण शेवटची बस चुकली तर खेड्यात रिक्षा मिळत नाही. केवळ एकच दिवस हाताशी असेल तर ल्यूनेबुर्गहून बसने आमेलिंगहाउझेनला जावे. तिथेही जवळच फुललेले माळ आहेत आणि ऑगस्टमध्ये तिथे फुलोऱ्याचा उत्सव भरतो, त्यात हायडेची राणी निवडली जाते.

मुख्य चाल उंडेलोहून विल्झेडेची आहे. अंतर साधारण चार-पाच किलोमीटर, वाट जवळपास सपाट, परंतु वाळूची. पाय किंचित रुततात, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. विल्झेडेत मोटारींना प्रवेश नाही, माणसे पायी, सायकलने किंवा घोडागाडीने येतात. माझ्या आईचे गुडघे चालू देत नाहीत, तिला आम्ही घोडागाडीने नेले आणि आम्ही चालत गेलो. परतीच्या गाडीच्या जागा मात्र सकाळीच सांगून ठेवाव्या लागतात. गावात गवताने शाकारलेली मोठी घरे आहेत आणि त्यांपैकी एकात १९०७ पासून जुन्या शेतकरी जीवनाचे संग्रहालय आहे. तिथून विल्झेडर बेर्ग या १६९ मीटर उंचीच्या, या माळरानातील सर्वोच्च टेकडीवर जावे. गणितज्ञ गाउस याने हॅनोव्हर राज्याच्या मोजणीत हे शिखर वापरले होते आणि त्याच्या नावाचा दगड वर आहे.

टोटनग्रुंड ही खोलगट दरी मात्र पहाटेसाठी ठेवावी आणि ज्या कारणासाठी मी खेड्यात मुक्काम करायला सांगतो ते कारण हेच आहे. सकाळी धुके दरीत साचलेले असते, त्यातून ज्युनिपरची उंच गडद झुडपे एकेकटी उभ्या माणसांसारखी दिसतात आणि ऊन चढू लागले की उतार करड्याचे जांभळे होत जातात. खाली बसून एक फांदी जवळून पाहावी : फूल तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते, आणि अशी डझनावारी फुले एकाच काडीवर एका बाजूला झुकलेली असतात. तोपर्यंत मधमाश्यांचे काम सुरू झालेले असते आणि सगळी दरी गुणगुणत असते. इथे मधमाश्या पूर्वी पेंढ्याच्या टोपल्यांत पाळत आणि त्या टोपल्या शेणाने सारवत, हे वाचून आपल्याकडच्या कणग्या आठवतात.

१९०० नंतरच्या पहिल्या दशकात पाद्री विल्हेल्म बोडे यांनी पुढाकार घेऊन टोटनग्रुंडची जमीन विकली जाण्यापासून वाचवली, आणि पुढे हा सगळा परिसर संरक्षित झाला. आज त्याचे क्षेत्र सुमारे २३४ चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे नियम कडक आहेत आणि ते पाळावेत : वाट सोडू नये, फुले तोडू नयेत, धूम्रपान करू नये. वाट न सोडण्याचे आणखी एक कारण आहे. इथे क्रॉइत्सओटर हा फुरशाच्या कुळातला विषारी साप आढळतो आणि गवतात गोचिडीही असतात. पूर्ण लांबीची पँट घालावी आणि संध्याकाळी मुलांचे पाय, गुडघ्यामागची जागा आणि काखा नीट तपासाव्यात.

जेवण आणि रविवार

हा काळ बहुधा श्रावणाचा असतो, तेव्हा शाकाहाराचा विचार आधीच करावा. उकडलेले बटाटे आणि क्वार्क हा तिथला साधा पदार्थ आपल्याला चटकन आवडतो, कारण क्वार्क आपल्या चक्क्याच्या जवळचे असते. तव्यावर परतलेल्या बटाट्यांपासून मात्र सावध राहावे, त्यांत पुष्कळदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मागवताना "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे आणि सूप कशाच्या पाण्यात केले आहे तेही विचारावे. कुट्टूच्या पिठाचा, आंबटगोड बेरी आणि सायीचे थर दिलेला केक ही इथली खासियत आहे. त्यात अंडे असते.

रविवारी दुकाने बंद असतात. आम्ही पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी पोहोचलो, खेड्यातले उपाहारगृह त्या दिवशी लवकर मिटले होते आणि दोन मुलांना रात्री भडंग व खाकऱ्यावर झोपवावे लागले. तेव्हापासून मी पोहोचण्याचा वार मंगळवार किंवा बुधवार ठेवतो आणि शनिवारी दुपारीच रविवारचा पाव, दही व फळे आणून ठेवतो. खेड्यांत रोख रक्कम जवळ असावी. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. ऑगस्ट असला तरी पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत गारवा असतो, म्हणून प्रत्येकाचे एक स्वेटर आणि एक पावसाळी जॅकेट हवे.

आणखी एक दिवस मिळाला तर रेल्वेने त्सेले या शहरी जावे. तिथे लाकडी चौकटींत विटा बसवलेली शेकडो जुनी घरे आहेत. वाटेत युल्त्सेन लागते, तिथले स्थानक कलाकार हुंडर्टवासर याच्या आराखड्यानुसार रंगीत खांबांनी नव्याने सजवलेले आहे, म्हणून एक गाडी सोडून ते पाहावे. त्सेलेच्या उत्तरेला बेर्गेन-बेल्झेन छळछावणीचे स्मारक आहे. ॲन फ्रँकचा मृत्यू १९४५ साली तिथेच झाला. आज त्या सामूहिक कबरींवरही हायडेची झुडपे वाढलेली आहेत. तिथे जाणार असाल तर तो दिवस दुसऱ्या कशालाही जोडू नये आणि लहान मुलांना सोबत नेऊ नये.

परत येताना हायडेचा मध आणावा. तो बरणीत जेलीसारखा घट्ट बसलेला असतो, चमच्याने ढवळला की पातळ होतो, आणि थोडा वेळ ठेवला की पुन्हा घट्ट होतो. विमानतळावर तो द्रव पदार्थांतच मोडतो, म्हणून बरणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, स्वेटरमध्ये गुंडाळून, विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवावी.